पाचटाखालची माती

मागच्या उन्हाळ्यात वांग्याच्या वाफ्यावर मी काळा मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकायचा प्लास्टिकचा कागद, अंथरला होता. तण आलं नाही हे खरं, पण आठ दिवसांत कागदाला टेकलेली रोपं बुडख्याशी करपली. दुपारी कागदाला हात लावला तर तवा! सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो, त्यात काळा रंग ऊन शोषणारच. शेतकरी दुरंगी कागदाची चंदेरी बाजू वर ठेवून अंथरतात, ती ऊन परतवते. हे मला रोपं गेल्यावर कळलं. फार जीव हळहळला.

यंदा मोहोळच्या भाच्याकडून उसाच्या पाचटाची, म्हणजे वाळलेल्या पानांची, आठ पोती मागवली. ऊसतोड झाली की त्यांच्याकडेही पाचट फडातच पेटवून द्यायचे. जुळे सोलापुरातल्या आमच्या परसात फक्त चार वाफे आहेत, तेवढ्याला सहा पोती पुरली.

आधी वाफा खुरपला, मग भरपूर पाणी दिलं आणि वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल ओसरून माती नुसती ओलसर राहिल्यावर, पाचटाचा चार बोटं जाड थर दिला. खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी ठेवते. पाचट खोडाला चिकटलं तर ओलीनं खोड कुजतं, वाळवीही चढते. पाचट वरच राहू द्यायचं. मातीत मिसळलं तर कुजताना ते नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात.

लव्हाळ्याचं तण मात्र याला जुमानत नाही. तो प्लास्टिकसुद्धा टोचून वर येतो, पाचटाचं काय घेऊन बसलात! उपटला की पात हातात येते, गाठ खालीच राहते आणि तिथून पुन्हा फुटतो. सासूबाई म्हणाल्या, "उपटू नको गं, खणून काढ." फेब्रुवारीत कुदळीनं वाफा खणला. काळ्या, करवंदाएवढ्या गाठी, एकीला दोऱ्यानं दुसरी जोडलेली, अशी अर्धी बादली निघाली. तरी राहिलेल्या फुटतातच. तीन-चार पानं दिसली की लगेच खुरप्यानं काढते. पानच वाढू दिलं नाही तर गाठीला अन्न मिळणार कुठून? गाजरगवत फुलायच्या आधी मुळासकट काढते, हातमोजे घालूनच. त्याच्यामुळे अंगाला खाज सुटलेली माणसं मी पाहिली आहेत.

घोळ मात्र मी राहू देते. ती जमिनीलगत पसरते, माती झाकते आणि तुरीच्या डाळीत शिजवली की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

परवा भर दुपारी दोन वाजता पाचट बाजूला सारून माती मुठीत घेतली. थंडगार होती, मुठीत धरली तर गोळा झाला. शेजाऱ्यांच्या उघड्या वाफ्यात मात्र बोट जाईल एवढ्या भेगा. नळाला आमच्याकडे रोज पाणी येत नाही, पण या वाफ्यांना तीन दिवसांआड दिलं तरी भागतंय.

थर आता एक बोट जाडच उरलाय. राहिलेली दोन पोती जिन्याखाली ठेवली आहेत, मिरगाच्या आधी पसरायची आहेत.