शेंडीवाली टिटवी

"आमच्या लहानपणी हा पक्षी इतका असायचा की त्याचा फोटो काढावा असे कुणाच्या मनातही येत नसे," इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या शेताच्या बांधावर आज एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले.

समोर शेंडीवाली टिटवी उभी होती आणि ऊन पडताच तिच्या पाठीवरचा हिरवा रंग जांभळ्याकडे झुकत होता.

वर्षभर इंग्लंडच्या शिवारांत चंडोल, गव्हाणी घुबडे कॅमेऱ्यात टिपताना मला हे जाणवलेच नव्हते. ब्रिटनमधील शेतशिवारातल्या पक्ष्यांची संख्या १९७० पासून निम्म्याहून अधिक घटली आहे. धान्याची पेरणी आता शरदातच उरकली जात असल्याने वसंतापर्यंत पीक इतके वाढते, की टिटवीला घरट्यासाठी उघडी जमीन उरत नाही. काही शेतकरी सरकारी योजनेतून तिच्यासाठी पिकात मोकळे तुकडे राखतात. तेवढे पुरेल का?