माळावरचं गिधाड आणि माझं रजिस्टर

2005 चा ऑक्टोबर. दक्षिण रायगडात मी पशुधन विकास अधिकारी होतो. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक शिपाई आणि अंगणात गुरं अडकवायचा लोखंडी खोडा. दुपारी वनरक्षक मोटरसायकलवरून आला. "साहेब, गिधाड मेलंय. पोस्टमॉर्टेम करायला चला, पंच थांबलेत."

आंब्याच्या मोठ्या झाडाखाली पक्षी पडला होता. पांढऱ्या पाठीचं गिधाड, पूर्ण वाढलेलं. पंचांपैकी एक म्हातारा म्हणाला, "आठ दिस मान टाकून बसलं व्हतं डॉक्टर. उडायचं नाय. मग पडलंच." शिकारीची खूण नाही, विजेच्या तारेचा चटका नाही, अंगावर जखम नाही.

माझ्या कॉलेजच्या दिवसांत मेलेली म्हैस माळावर टाकली की तासाभरात हाडंच उरायची. इतकी गिधाडं होती की त्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहत नसे. आता मात्र एका मेलेल्या पक्ष्यासाठी पंचनामा चालला होता.

पोट उघडलं आणि हात थांबला. यकृतावर, हृदयावरच्या पिशवीवर, आतड्यांवर खडूची पूड भुरभुरावी तसा पांढरा थर. मूत्रपिंडं सुजलेली, चुन्यात बुडवून काढल्यासारखी. हे मी पाहिलेलं होतं, पण ब्रॉयलरच्या शेडमध्ये! उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की कोंबड्या अशा मरतात. पक्ष्यांचं मूत्रपिंड बंद पडलं की यूरिक ॲसिड बाहेर जात नाही, आतल्या अवयवांवर साचतं. पण मोकळ्या गिधाडाचं मूत्रपिंड कशानं बंद पडावं? नदी तर हाकेच्या अंतरावर होती.

नमुने बर्फात घालून वनरक्षकाकडे दिले. ते पुढे कुठे गेले, देव जाणे. अहवाल आलाच नाही.

घरी आल्यावर आठवलं. विद्यापीठात नोकरीला असलेल्या वर्गमित्राने 'नेचर' या विज्ञानपत्रिकेतल्या एका लेखाची झेरॉक्स पाठवली होती, 2004 ची. सहा महिने ती कपाटात लोळत होती. (इंग्रजी लेख वाचायला वेळ नाही, हे आम्हा सरकारी डॉक्टरांचं ठरलेलं उत्तर.) त्या रात्री वाचली. पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांची तपासणी. आधी सगळ्यांना संसर्गाचा, एखाद्या विषाणूचा संशय होता. पण ज्या 25 पक्ष्यांच्या आत हा पांढरा थर होता, त्या सगळ्यांच्या मूत्रपिंडात डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सापडलं. थर नसलेल्या 13 जणांत एकातही नाही.

डायक्लोफिनॅक! माझ्या बॅगेतलं सर्वांत लाडकं औषध. तिवा (तीन दिवसांचा ताप) झालेला बैल सकाळी आडवा पडलेला असायचा, एक सुई टोचली की संध्याकाळी वैरण खायचा. दगडी झालेल्या गाईची सुजलेली कास उतरायची. स्वस्त, हमखास, आणि मालकाच्या नजरेत डॉक्टरची पत वाढवणारं.

दवाखान्याची किल्ली माझ्याकडेच असायची. जाऊन रजिस्टर काढलं आणि बोट फिरवत मोजत बसलो. पावसाळ्यापासून 61 जनावरं. त्यांतली तीन उपचारानंतर दोन-तीन दिवसांत दगावलेली. मला उशिरा बोलावलं होतं म्हणून. तिघं मालक माझ्या ओळखीचे. गुरं कुठे टाकली असतील, हे विचारायची गरज नव्हती.

तीन म्हणजे कितीसे? पण 2004 मध्येच झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाचं गणित मित्राने पत्रात लिहिलं होतं. गिधाडांच्या वाट्याला येणाऱ्या दर 760 मढ्यांमागे एकात जरी या औषधाची जीवघेणी मात्रा असली, तरी गिधाडांच्या संख्येत एवढी घसरण होऊ शकते. कारण गिधाडं एकेकटी जेवत नाहीत, एका मढ्यावर पंगत बसते. आणि मेलेल्यांची जागा भरून निघत नाही. वर्षाला एकच अंडं, आणि पिल्लू स्वतः जोडी जमवेपर्यंत चार-पाच वर्षं. उंदीर असते तर एका हंगामात तूट भरून काढली असती. शतकानुशतकं सावकाश वाढायचं आणि दीर्घ जगायचं, यावर या पक्ष्याचं सगळं भागलं होतं. त्या हिशोबात माझी सुई धरलेलीच नव्हती.

ते गिधाड माझ्याच एखाद्या बैलामुळे मेलं का? सांगता येणार नाही. त्याची हद्द एका तालुक्याची थोडीच असते. पण मला झोप लागली नाही.

सरकारने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येत राहिल्या. त्या 2015 मध्ये बंद झाल्या. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना बाधत नाही, हेही 2006 मध्येच कळलं. ॲसिक्लोफिनॅक या आणखी एका वेदनाशामकाचं तर गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होतं, त्यावर बंदी यायला 2023 उजाडलं.

पण हे सगळं पुढचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दारात माणूस उभा. बैल उठत नाही, अंगात ताप, तिवाच. त्याचं भात कापून शेतात पडलेलं, भारे वाहायचे होते. बॅगेत दुसरं काही नव्हतं, आणि दुसरं काय चालतं हे मला ठाऊकही नव्हतं.

मी सुई भरली.

टोचून झाल्यावर म्हणालो, "हे बघा, चार-पाच दिवसांत काही कमीजास्त झालं तर मीठ घालून खोल पुरा. माळावर टाकू नका."

तो घाबरून माझ्याकडे बघत राहिला. "मरतो का काय डॉक्टर?"

"नाही हो," मी म्हटलं.

संध्याकाळी बैल उभा राहिल्याचा निरोप आला. सोबत पिशवीभर काकड्याही.