२९ टीएमसी नेमके कोणाचे?

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या बहुतेक व्हॉट्सॲप गटांवर रोज सकाळी धरणसाठ्याचा संदेश फिरू लागतो. टेमघर इतके टक्के, वरसगाव इतके, पानशेत इतके, खडकवासला इतके, एकूण इतके आणि गेल्या वर्षी याच दिवशी इतके. जुलैअखेर टक्केवारी नव्वदीकडे झुकली की लोक एकमेकांना अंगठे दाखवतात आणि वर्षभराची चिंता मिटली असे समजून तो विषय सोडून देतात. या संदेशातले आकडे खोटे नसतात, तक्रार ती नाही. तक्रार अशी आहे की हिशेबाच्या वहीचे एकच पान, तेही जमेचे, आपल्याला रोज दाखवले जाते आणि देण्याच्या पानाकडे कोणाचे लक्षही जात नाही.

आधी जमेची बाजू पाहू. खडकवासला साखळीतील चार धरणांची उपयुक्त साठवण क्षमता वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७ टीएमसी अशी आहे, एकूण २९.१५ टीएमसी. चारही धरणे सोबत चालतात, परंतु त्यांची कामे वेगळी आहेत. वरची तीन साठवतात आणि खडकवासला वाटप करते. शहराचे पाणी, कालव्याचे पाणी आणि पुराचे पाणी, तिन्हींची वाट त्याच लहान धरणातून जाते. त्यामुळे 'खडकवासला शंभर टक्के भरले' ही बातमी ऐकायला गोड असली तरी पाण्याच्या हिशेबात तिचे मोल फार नाही. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या वस्त्यांत पाणी शिरले तेव्हा या धरणातून ३५ हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला ३५ हजार घनफुटांच्या, आसपास विसर्ग सुरू होता. वरून काहीच आले नसते तर त्या वेगाने हे धरण जेमतेम सोळा तासांत रिकामे झाले असते.

हे गणित सर्वसामान्य माणूस सहसा करत नाही, कारण आपल्याकडे एकाच पाण्यासाठी तीन मापे चालतात. साठा टीएमसीत सांगतात, कालवा आणि नदी क्युसेकमध्ये, तर शहराचा पुरवठा एमएलडीत म्हणजे दशलक्ष लिटर प्रतिदिन या मापात. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग पूर्ण एक दिवस चालला तर एक टीएमसी पाणी जाते, आणि रोज सुमारे ७७.६ एमएलडी वर्षभर वापरले तरीही एक टीएमसीच होते. एवढी तीन वाक्ये कागदावर लिहून जवळ ठेवली तर वर्तमानपत्रातल्या निम्म्या वादांचा पडताळा घरबसल्या घेता येतो. महापालिका, जलसंपदा विभाग आणि शेतकरी संघटना आपापल्या सोयीच्या मापात बोलतात, त्यामुळे एकमेकांचे आकडे समोरासमोर येतच नाहीत.

आता हा साठा मोजतात कसा, तेही पाहायला हवे. धरणात मोजली जाते ती पाण्याची पातळी. त्या पातळीवरून ठरावीक तक्त्याच्या आधारे साठा काढला जातो. वरच्या भागात जलाशय पसरट असल्याने तिथल्या एका फुटात मावणारे पाणी तळाशी असलेल्या एका फुटापेक्षा कितीतरी अधिक असते. तक्ता जुना झाला आणि दरम्यान तळाशी गाळ साचला, तर पातळी अचूक मोजूनही साठा चुकतो. याहून महत्त्वाची गोष्ट येव्याची. डोंगरातून धरणात किती पाणी आले हे सहसा थेट मोजले जात नाही. साठ्यात झालेली वाढ, सोडलेले पाणी आणि बाष्पीभवन यांची बेरीज करून येवा मागाहून काढला जातो. याचा अर्थ विसर्गाच्या किंवा कालव्याच्या मापनातली प्रत्येक चूक गुपचूप येव्याच्या रकान्यात जाऊन बसते आणि जमाखर्च कागदावर नेहमीच जुळलेला दिसतो. मला तर जो हिशेब दरवर्षी तंतोतंत जुळतो त्याचाच अधिक संशय येतो.

२०१६ मध्ये टेमघर धरणाच्या गळतीचा गाजावाजा झाला होता. धरणाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ती गंभीर बाब होतीच आणि दुरुस्तीही आवश्यक होती. पण पाण्याच्या हिशेबात टेमघरच्या भिंतीतून झिरपलेले पाणी मुठेतून खाली खडकवासल्यातच येते. एका धरणाचा तोटा म्हणून लिहायचे तर दुसऱ्या धरणाची आवक म्हणूनही लिहावे लागते, आणि साखळीचा हिशेब एकत्र मांडला तर त्यातले बरेचसे पाणी गेलेलेच नसते. कोणते पाणी 'वाया गेले' हे हिशेबाची हद्द कुठे आखली यावर अवलंबून असते, आणि पुढचे जवळजवळ सगळे वाद याच मुद्द्यावर येऊन अडतात.

देण्याची बाजू १५ ऑक्टोबरला सुरू होते. पावसाळा संपल्यावर त्या सुमारास शिल्लक असलेला साठा धरून कालवा सल्लागार समिती पुढच्या पावसाळ्यापर्यंतचे वाटप ठरवते. रब्बीला किती आवर्तने, उन्हाळ्यात किती, पिण्यासाठी किती राखून ठेवायचे, बाष्पीभवनात किती जाईल, हे सगळे त्यात आले. नवा मुठा उजवा कालवा शहराच्या पोटातून निघून हवेली, दौंड ओलांडून इंदापूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटर जातो आणि प्रकल्पाचे लाभक्षेत्र सुमारे ६२ हजार हेक्टर आहे. म्हणजे धरण पूर्ण भरले त्या दिवशीही त्यातला मोठा हिस्सा आधीच कोणाचा तरी असतो. ऑस्ट्रेलियात हवामान खात्याकडून प्रसिद्ध होणाऱ्या राष्ट्रीय जललेख्यात मेलबर्न, सिडनी, ॲडलेड अशा शहरांच्या प्रदेशांचे पाणी ताळेबंदासारखे मांडतात. एका बाजूला जलाशयातली मालमत्ता आणि दुसऱ्या बाजूला हक्कदारांना द्यावयाचे पाणी हे देणे म्हणून. आपल्याकडेही जलसंपदा विभागाने सिंचन प्रकल्पांचे जललेखा अहवाल काढलेले आहेत. मात्र त्यांचा केंद्रबिंदू प्रकल्प असतो, शहर नव्हे. आणि महापालिकेचा हिशेब सुरू होतो तो जलशुद्धीकरण केंद्रापासून. या दोहोंना जोडणारे पान कोणाच्याच वहीत नाही.

ते पान नसल्यामुळे साध्या प्रश्नालाही दोन उत्तरे मिळतात. पुण्याला किती पाणी लागते? जुन्या करारानुसार शहराचा कोटा ११.५ टीएमसी होता. गेल्या काही वर्षांत महापालिकेची मागणी वीस टीएमसीच्याही वर गेली आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने डिसेंबर २०१८ मध्ये मापदंड लावून दिवसाला ६३५ एमएलडी, म्हणजे वर्षाला ८.१९ टीएमसी एवढाच हक्क मान्य केला, तेव्हा शहरात केवढी खळबळ उडाली होती. एकाच शहराच्या गरजेचे दोन आकडे अडीच पटींच्या अंतराने उभे राहतात, याचे एक मोठे कारण भागाकारात आहे. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या ३१ लाखांच्या थोडी वर होती. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली, आणि मधल्या काळात २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली. वीस टीएमसी म्हणजे दिवसाला साधारण १,५५० एमएलडी. लोकसंख्या ५० लाख धरली तर माणशी ३१० लिटर होतात, ७० लाख धरली तर २२० च्या आसपास. पहिल्या आकड्यावरून पुणेकर उधळे ठरतात, दुसऱ्यावरून तितकेसे नाही, आणि दोन्ही आकडे १३५ किंवा १५० लिटरच्या मापदंडाच्या वरच राहतात. ज्याला जे सिद्ध करायचे असेल त्याने त्याप्रमाणे छेद निवडावा, अशी स्थिती आहे.

शिवाय माणशी ३१० लिटर 'पुरवठा' म्हणजे माणशी ३१० लिटर 'वापर' नव्हे. धरणातून उचललेले आणि नळाला पोचलेले यांत मोठी तफावत आहे. सुमारे ४० टक्के गळतीचा आकडा वर्षानुवर्षे जाहीरपणे सांगितला जातो. या एका आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. फुटक्या नळातून जमिनीत जाणारे पाणी ही प्रत्यक्ष गळती. अनधिकृत जोड, बंद पडलेले मीटर आणि मीटरच नसलेल्या इमारतींचा वापर ही कागदावरची गळती. ते पाणी कोणीतरी वापरलेले असते, फक्त त्याची नोंद नसते. पहिली कमी करायला जलवाहिन्या बदलाव्या लागतात, दुसरीला मीटर आणि वसुलीची इच्छा लागते. समान पाणीपुरवठा योजनेत मीटर बसवले जात आहेत ते याचसाठी, आणि त्यांना विरोध होतो तोही याचसाठी.

आमच्या सोसायटीत पाण्याचे रजिस्टर गेटवरच्या टेबलावर असते. टँकर आला की रखवालदार वेळ आणि गाडीचा नंबर लिहितो, मग खुणा केलेली काठी जमिनीखालच्या टाकीत सोडून टँकर रिकामा होण्याआधीची आणि नंतरची पातळी टिपतो. दहा हजार लिटरच्या टँकरने पातळी जेवढी चढायला हवी तेवढी ती क्वचितच चढते. उन्हाळ्यात महिन्याची बेरीज केली की महापालिकेच्या मीटरवरचे पाणी, बोअरचे पाणी आणि टँकरचे पाणी असे तीन रकाने तयार होतात, आणि मे महिन्यात तिसरा रकाना पहिल्याला मागे टाकतो. आता हा टँकर कोठे भरला? महापालिकेच्या केंद्रावर भरला असेल तर ते पाणी धरणातलेच आहे आणि शहराच्या पुरवठ्यात आधीच मोजलेले आहे. एखाद्या खासगी विहिरीवर भरला असेल तर ते शहराच्या कोणत्याही हिशेबात नाही. रजिस्टरमध्ये दोन्हींची नोंद सारखीच दिसते. २८ लाख टँकरचे एक टीएमसी होते हे ध्यानात घेतले तर टँकर धरणाची जागा घेऊ शकत नाहीत हे उघड आहे. पण ज्या भागात ते जातात तिथला हिशेब त्यांच्यावाचून पुराच होत नाही.

सगळ्यांत दुर्लक्षित रकाना परतीच्या पाण्याचा आहे. शहरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते असे नियोजनात धरतात. पिण्याचे पाणी वाढवून घेताना महापालिकेने त्या बदल्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसणाऱ्या विहिरीतून) बेबी कालव्यात, म्हणजे जुन्या मुठा कालव्यात, वर्षाला ६.५ टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी शेतीसाठी द्यायचे, असे ठरले. म्हणजे वर्षभर सरासरी ५०० एमएलडी. उसन्या घेतलेल्या पाण्याची ही परतफेड असल्याने ती देण्याच्या बाजूला ठळकपणे दिसायला हवी, आणि तिच्यात दोन आकडे हवेत, किती दिले आणि कोणत्या गुणवत्तेचे दिले. अर्धवट प्रक्रिया झालेले पाणी कालव्यात सोडून घनफूट मोजले तर परतफेड कागदावर होते आणि शेतकऱ्याच्या विहिरीत उतरते ते भलतेच. जपानी अर्थसाहाय्याच्या जायका प्रकल्पातील ११ सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची क्षमता ३९६ एमएलडी आहे, वर्षाला पाच टीएमसीच्या थोडी वर. ती पूर्ण क्षमतेने चालली तर या रकान्यात फरक पडेल.

खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याच्या प्रस्तावाकडेही याच नजरेने पाहावे असे मला वाटते. उघड्या कालव्याऐवजी बोगद्यातून पाणी नेले तर बाष्पीभवन, गळती आणि चोरी थांबून दोन टीएमसीहून अधिक पाणी वाचेल, असा दावा आहे. बाष्पीभवन थांबले तर तो खरा फायदा आहे, शंका नाही. दांडेकर पुलाजवळ सप्टेंबर २०१८ मध्ये कालवा फुटून वस्तीत पाणी घुसले होते, तो धोकाही टळेल. पण कालव्यातून झिरपणारे पाणी आजूबाजूच्या विहिरींना आणि बोअरना जाते. ते थांबवून पुढे नेले तर दौंड-इंदापूरच्या खात्यात वाढ होईल आणि हडपसर परिसरातल्या भूजलाच्या खात्यात घट. भूजलाचे खाते या हिशेबात नसल्याने ही घट कोणाला दिसणार नाही आणि वाचलेले पाणी निव्वळ नफा म्हणून मांडले जाईल.

आणि शेवटी हद्दीचा प्रश्न. पिंपरी-चिंचवड पवना धरणाचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यातून उचलते आणि नोव्हेंबर २०१९ पासून तिथे दिवसाआड पुरवठा आहे. पूर्वेकडच्या पुण्याला २०२१ पासून भामा आसखेडचे पाणी मिळते, त्यामुळे 'खडकवासला साखळी म्हणजे पुण्याचे पाणी' हे समीकरणही आता अपुरे झाले आहे. मुळशीचे पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्री उतरून कोकणात जाते. भीमेच्या खोऱ्यापुरते ते कायमचे गेलेले असते. पुण्यातून वाहून गेलेले पाणी मात्र मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते. पुणे जे 'सोडून दिले' म्हणून खर्ची टाकते ते सोलापूर जिल्हा 'आले' म्हणून जमा धरतो. म्हणून हा ताळेबंद दोन्ही महानगरपालिका, खडकवासला साखळी, पवना, भामा आसखेड व मुळशी ही धरणे आणि उजनीच्या तोंडापर्यंतची नदी मिळून एकच असावा आणि तो दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या बैठकीआधी, एकाच मापात, देण्याच्या बाजूसह प्रसिद्ध व्हावा. सकाळच्या संदेशात टक्केवारीच्या खाली आणखी एक ओळ वाढवायला फारसा खर्च येणार नाही: आजच्या साठ्यापैकी किती टीएमसी कोणाला देणे आहे.