सूर्य टेकायची वाट पाहू नका

जहाजाच्या कंपासची एरर (खऱ्या दिशेपासूनचा फरक) काढायला ॲम्प्लिट्यूडइतकी सोपी रीत नाही. ॲम्प्लिट्यूड म्हणजे उगवता वा मावळता सूर्य नेमक्या पूर्वेपासून वा पश्चिमेपासून किती अंश बाजूला असतो, तो कोन. लागतं काय, तर आपला अक्षांश आणि सूर्याचं डेक्लिनेशन (आकाशातल्या विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे ते). सेकंदाबरहुकूम वेळ नसली तरी चालतं, कारण डेक्लिनेशन तासाला फार तर एक मिनिट सरकतं (कोनाचं मिनिट, घड्याळाचं नव्हे).

चूक होते ती बेरिंग (सूर्याची दिशा, अंशांत) घेण्याच्या क्षणाची. गणित सूर्याचं केंद्र खऱ्या क्षितिजावर धरतं. पण तिथे हवा किरणं वाकवते, त्यामुळे बिंब सुमारे ३४ मिनिटं वर दिसतं. शिवाय ब्रिजच्या (जहाज चालवायच्या कक्षाच्या) उंचीमुळे दिसणारं क्षितिज आणखी काही मिनिटं खाली. म्हणून बिंबाची खालची कड पाण्याच्या रेषेपासून साधारण दोन-तृतीयांश व्यास वर असतानाच बेरिंग घ्यायचं. अर्धं बुडाल्यावर घेतलं, तर १५ अक्षांशावर फरक जेमतेम ०.२ अंश, ६० अक्षांशावर मात्र एक अंशाच्या पुढे, कारण तिथे सूर्य तिरका, क्षितिजाला घासत जातो.

उदाहरण घेऊ. अक्षांश १५° उत्तर, डेक्लिनेशन २०° उत्तर, सूर्यास्त. साइन २० भागिले कोसाइन १५ म्हणजे ०.३५४, म्हणून ॲम्प्लिट्यूड २०.७°. मावळतीला पश्चिमेकडून, डेक्लिनेशन उत्तर म्हणून उत्तरेकडे: खरं बेरिंग २९०.७°. मॅग्नेटिक कंपासवर २९३° दिसलं, तर कंपासचा आकडा मोठा, एरर २.३° पश्चिम. चार्टवरचं व्हेरिएशन (खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक), वार्षिक बदल धरून, १° पश्चिम असेल तर डेव्हिएशन (जहाजातल्या लोखंडामुळे कंपासमध्ये येणारा फरक) १.३° पश्चिम.

हे डेव्हिएशन फक्त त्या हेडिंगपुरतं (जहाजाचं नाक ज्या दिशेला आहे तेवढ्यापुरतं). त्यामुळे बेरिंगच्या क्षणी सुकाणूवाल्याकडून हेडिंग मागून घ्या आणि नोंदीत तेही लिहा. नुकतंच वळण घेतलं असेल तर कंपासची तबकडी स्थिरावू द्या. ॲझिमथ सर्कलचा (कंपासवर बसवून बेरिंग घ्यायच्या कड्याचा) बुडबुडा मधोमध हवा. दोन-तीन बेरिंगं पटापट घेऊन सरासरी काढावी.

ढगांनी क्षितिज झाकलं तर एबीसी टेबलांनी (नौकानयनाच्या कोष्टकांनी) ॲझिमथ, म्हणजे सूर्याची खरी दिशा, काढावा लागतो. मग रेखांश आणि नेमकी वेळ दोन्ही हवेत: ४ सेकंदांची चूक म्हणजे तासकोनात (आपल्या रेखावृत्तापासून सूर्याच्या कोनात) एक मिनिट. सूर्य ३० अंशांच्या वर असेल तर माझ्या मते थांबावं. सर्कल जरा कललं तरी तितक्या उंचीवर बेरिंग बरंच ढळतं, आणि उष्ण कटिबंधात दुपारी ॲझिमथ झपाट्याने फिरतो.

उत्तर डेव्हिएशन कार्डाशी (हेडिंगनुसार डेव्हिएशन लिहिलेल्या तक्त्याशी) जुळलं नाही, तर कार्डाला दोष देण्याआधी कंपासजवळ वॉकीटॉकी किंवा पाना ठेवलेला नाही ना, ते पाहा.