कुकडीच्या उलट्या वाटेनं: टाकळी हाजीच्या कुंडांपासून नाणेघाटाच्या कड्यापर्यंत

पावसाळ्यात पुण्याहून नाणेघाटाला जाणाऱ्यांची गर्दी आपल्याला ठाऊक आहे. हिवाळ्यात निघोजच्या रांजणखळग्यांवर जाणारेही कमी नाहीत. पण या दोन्ही जागा एकाच नदीच्या आहेत हे ध्यानात ठेवून मधली वाट धरणारे फारसे भेटत नाहीत. गेल्या हिवाळ्यापासून माझं तेच चाललं आहे. कुकडी नदी खालून वर बघत जायची, शिरूरकडच्या सपाटीवरून जुन्नर ओलांडून थेट सह्याद्रीच्या धारेपर्यंत. सलग नाही, रविवार मिळेल तसा एकेक टप्पा. आता वरच्या टोकाला पोचलो आहे, म्हणून ही नोंद.

खालून सुरुवात करण्यामागे कारण आहे. उगमाशी असतं ते बोटभर पाणी. त्या पाण्यानं पुढं काय करून ठेवलंय हे आधी पाहिलेलं असलं, की उगमाकडे बघायची नजर बदलते.

शिरूरहून टाकळी हाजीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना ऊस, कांदा आणि सपाट रान. इथं काही भूरूप असेल असं वाटतच नाही. मग मळगंगेचं मंदिर येतं आणि जमीन एकाएकी उघडते. पात्र रुंद नाही, काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेली अरुंद घळ आहे, आणि तिच्या दोन्ही काठांना रांजणच रांजण. काही ओंजळीएवढे, काही माणूस उभा बुडेल एवढे. अलीकडचा काठ पुणे जिल्ह्यात, पलीकडचं निघोज पारनेर तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात. मध्ये झुलता पूल. या पुलावर मधोमध थांबून दोन्ही दिशांना निवांत बघा, कारण घळीचा नागमोडी आकार काठावरून कळत नाही, तिथूनच कळतो.

हे घडतं कसं ते आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं: पुराच्या पाण्यात भोवरा धरतो, खडकाच्या खोलगटात अडकलेले गोटे त्यात गरगर फिरतात आणि तळ नि भिंती घासत राहतात. पण ते माहीत असणं वेगळं आणि प्रत्यक्ष वाचणं वेगळं. पाणी उतरलेल्या एका रांजणाशी मी बराच वेळ बसलो होतो. तळाशी मूठभर गोटे होते, एकालाही कोपरा शिल्लक नव्हता. भिंतीवरून हात फिरवला तर वरच्या काठाशी गुळगुळीत लागते आणि खाली जावं तशा तिरक्या वळ्या बोटांना जाणवतात, भोवरा ज्या दिशेनं फिरला त्याच दिशेच्या. शेजारचा रांजण रुंद होत होत याच्या भिंतीला येऊन भिडला होता आणि दोघांमध्ये हात जाईल एवढी खिडकी पडली होती. थोडं पुढं अशीच खिडकी मोठी होऊन वरची कमान उरली आहे, त्याच्याही पुढं कमान गेली आहे आणि नुसता चर राहिला आहे. म्हणजे घळ कशी तयार झाली त्याच्या सगळ्या पायऱ्या एकाच काठावर, चालता चालता बघायला मिळतात. माझ्या मते पुण्याच्या आसपास नदी खडकाशी काय करते हे शिकायला याहून चांगली जागा नाही.

जाणाऱ्यांसाठी: ऐन पुरात यातलं बरंच पाण्याखाली असतं, तेव्हा डिसेंबर ते मे हा काळ बरा. वर धरणं आहेत, शेतीसाठी आवर्तन सुटलं, म्हणजे धरणातून पाणी सोडलं, की पात्र भरतं, म्हणून निघण्याआधी गावात चौकशी करावी. कुंडात उतरू नये, अगदी शांत दिसणाऱ्याही. भिंती निसरड्या आहेत आणि आत धरायला काही नाही. तळेगावजवळच्या कुंडमळ्याला इंद्रायणीवर जून २०२५ मध्ये जुना लोखंडी पूल कोसळून माणसं गेली. तिथंही असेच खळगे आहेत आणि अशीच सुट्टीची गर्दी होती. गर्दी असेल तर पुलावर थांबायचं सोडून द्या, काठावरून बघा.

पुढचा टप्पा बोरी बुद्रुक. इथं डोळ्यांत भरणारं काहीच नाही, म्हणून हे गाव आपल्या याद्यांत येत नाही. पण ते यायला हवं. कुकडीच्या काठाच्या कापात, गाळ आणि गोट्यांच्या थरांमध्ये, फिकट करड्या रंगाचा एक थर दिसतो. ती ज्वालामुखीची राख आहे. दख्खनचे लाव्हारस थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं उलटली, तेव्हा ही राख इथली नव्हे. ती आली सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून, वाऱ्यावर, समुद्र ओलांडून. तोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची असं काही जण मानतात, काहींच्या मते ती त्याहून कितीतरी जुनी आहे. याच काठावर अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला. म्हणून हा वाद नुसता राखेच्या वयाचा उरत नाही, इथं माणूस कधीपासून वावरतोय याच्याशी तो जोडला गेला आहे.

ही राख चिमटीत धरली तर तांदळाच्या पिठासारखी लागते, फक्त किंचित खरखर जास्त. तिथंच धरा आणि तिथंच सोडा. आठवण म्हणून कुणीही पुडी बांधून नेऊ नये ही कळकळीची विनंती. तो थर फार जाड नाही आणि पुन्हा पडणार नाही. काठालगतची शेतं खाजगी आहेत, आधी विचारून जावं. दिवस कलायच्या आत ऊस सोडून रस्त्याला लागावं. जुन्नर तालुक्यात उसात बिबट्या असणं ही रोजची गोष्ट आहे.

येडगाव धरण आणि जुन्नर शहर यांवर मी फार रेंगाळलो नाही. शिवनेरीवर आपण सगळेच जाऊन आलोय. पण जुन्नर सोडून आपटाळ्याच्या बाजूनं वर निघालात की रस्ता माणिकडोह धरणाच्या पाण्याला धरून जातो आणि चावंड किल्ला समोर येतो, तिथं गाडी थांबवायलाच हवी. चावंडच्या कातळाचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात: कठीण थराचा उभा कडा, वर मऊ थराचा गवताळ उतार, पुन्हा कडा. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा वेगळा लोट. खाली कुंडाशी ज्या कातळावर बसलो होतो, तोही असाच एक लोट.

चावंडच्या पुढं पूर गावात कुकडेश्वर. नदीचा उगम इथला मानतात. शिलाहार राजा झंझ यानं बारा नद्यांच्या उगमांवर बारा शिवमंदिरं उभारली अशी परंपरा सांगते, त्यातलं हे एक. भिंतींवरचं कोरीवकाम आवर्जून बघा. उन्हाळ्यात ओढ्यात पाणी नावाला असतं.

आणि मग घाटघर ओलांडून नाणेघाट. आपण सगळे तिथं कोकणाकडे तोंड करून उभे राहतो. या खेपेस मी आधी पाठ फिरवून उभा राहिलो. पूर्वेला जमीन हलकेच उतरत जाते, माणिकडोहकडे, जुन्नरकडे. इथं पडलेलं पाणी कुकडीतून घोड नदीत, घोडेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. चार पावलं पश्चिमेला पडलेलं पाणी कड्यावरून कोकणात उतरतं आणि अरबी समुद्राला मिळतं. नानाच्या अंगठ्याकडे, म्हणजे घाटाशेजारच्या डोंगरटोकाकडे, बघितलं की हे एका नजरेत दिसतं: देशाकडून चालत चढता येईल असा उतार, कोकणाकडून सरळ तुटलेला कडा. सातवाहनांच्या काळातले व्यापारी याच खिंडीतून चढून जुन्नरला यायचे. गुहेतला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आणि त्यातले आकडे वाचता आले नाहीत तरी समोर उभं राहून बघावेत.

पावसात इथला धबधबा उलटा उडतो, तोही याच कड्यामुळे. समुद्रावरून आलेला वारा कड्यावर आदळतो, त्याला वर जाण्यावाचून वाट नसते, आणि पडणारं पाणी तो सोबत वर नेतो. टपरीवरच्या मावशींना विचारलं, कधी यावं? त्या म्हणाल्या, "दादा, वारं आलं का पानी माघारी येतं. पावसाचं नका इचारू, वाऱ्याचं इचारा." फोटोसाठी येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नुसता जोराचा पाऊस असेल तर ढगात काहीच दिसत नाही. कड्याच्या टोकाला मात्र अशा वाऱ्यात जाऊ नका.

सगळी नदी एकत्र बघायची तर शेजारच्या जीवधन किल्ल्यावर चढा. वाटेतला कातळटप्पा पावसाळ्यात धोक्याचा आहे, नवख्यांनी माहीतगाराशिवाय जाऊ नये. माझ्या मते सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर हवा सर्वांत स्वच्छ असते. एका बाजूला वानरलिंगीचा सुळका आणि खाली कोकण, दुसऱ्या बाजूला चावंड, हडसर आणि माणिकडोहचं पाणी. उत्तरेला हरिश्चंद्रगड, दक्षिणेला ढाकोबा. सकाळी कड्याची सावली कोकणावर पडलेली असते, कडा स्वतः अंधारात असतो. कातळाचे थर टिपायचे तर दुपार उलटल्यावर, ऊन कड्यावर आलं की टिपा, पण उतरायला उजेड राखून.

राहिलं आहे ते खालचं टोक, जिथं कुकडी घोडेला मिळते ती जागा. तिथवर काठानं पायी जायचा बेत आहे, पावसाळा सरून पात्र उतरल्यावर. टाकळी हाजीच्या खाली काठाची वाट कुणी चालून पाहिली असेल तर नक्की कळवा: कुठं ऊस आडवा येतो, कुठं नदी ओलांडावी लागते, आणि कुठल्या गावात मुक्कामाला मंदिर किंवा शाळेचा ओटा मिळेल.