बेळगाव ओलांडलंस की टाकतो

माझी एकच गाडी, दहा टायरी, एमएच 09 पासिंग, म्हणजे कोल्हापूरची. मालक मीच, ड्रायव्हर मीच. गुळाच्या हंगामात शाहू मार्केट यार्डातून गुजरात, एरवी शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचा माल. आमच्यात भाड्याची रीत ठरलेली: गाडी सुटताना अॅडव्हान्स, माल उतरवून पोच आणून दिली की बाकी. अॅडव्हान्स ऐंशी-नव्वद टक्के असतो म्हणतात. माझ्या वाट्याला साठच यायचा, आणि तोही गाडी निम्म्या वाटेत असताना.

एकदा मार्चमध्ये अहमदाबादला गूळ नेला. भाडं 45,000, अॅडव्हान्स 27,000. तो डिझेल आणि टोलमध्येच संपला. वाटेत अवकाळी लागला, ताडपत्रीच्या कोपऱ्यातून पाणी शिरलं आणि दहा-दहा किलोचे चार रवे, म्हणजे ढेपा, पाघळले. चूक माझी, दोर मीच ढिला बांधलेला. पण चाळीस किलो गुळापायी भाडं देणाऱ्यांनी बाकीचे 18,000 अडवून धरले. तीन महिने फोन केल्यावर 11,000 आले. बाकीचे कशात कापले, याचा कागद आजवर मिळालेला नाही.

पुढच्या खेपेपासून ठरवलं, नव्वद टक्के खात्यात आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. पण पहिला अडथळा माझ्याच घरात निघाला. शिरोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातला दिवाणजी आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, बघून म्हणाला, "मालक, गाडी एकाच्या नावावर, पॅन आणि खातं दुसऱ्याचं. चाळीस हजार टाकू कुणाला?" राग आला, पण बोलणं खरं होतं. गाडी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, नावावर होती आणि अण्णांना जाऊन दीड वर्ष झालेलं. वारसाच्या नावावर गाडी करायचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो, तो मी लोंबकळत ठेवलेला.

मग आरटीओ. फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं. थोरली बहीण इचलकरंजीत, तिची सही त्याच दिवशी झाली. धाकटी निपाणीत. तिच्या नवऱ्याला वाटलं, मी गाडीतला हिस्सा लिहून घेतोय. दोनदा चहा आणि एकदा जेवण झाल्यावर कागदावर सही आली. गाडीवरचं कर्ज फिटलेलं, पण आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच होता. त्यांचा ना हरकत दाखला आणि फॉर्म 35 यात आणखी दोन आठवडे गेले. उशिराचा दंडही भरला.

नवी आरसी हातात आल्यावर सगळे कागद एका पीडीएफमध्ये बांधले: आरसी, पॅन, विमा, फिटनेस, परमिट, लायसन, रद्द केलेला चेक. सोबत माझ्याकडं दहापेक्षा जास्त मालगाड्या नाहीत असं लिहून सही केलेला कागद. पॅनसोबत तो दिला की भाड्यातून टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापत नाहीत. आधी दर वेळी एक टक्का जायचा आणि मी गप्प बसायचो.

पहिली परीक्षा चेन्नईच्या कास्टिंगला. 18 टन माल, भाडं ठरलं 47,000. नव्वद टक्के म्हटल्यावर दलाल म्हणाला, "मग हजार कमी." मी हो म्हटलं. वाटेत डिझेलसाठी पाहुण्यांकडं हात पसरण्यापेक्षा ते परवडतं. दर, टक्का, त्याची हजार दलाली, सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घेतलं. त्यातले पंधरा हजार डिझेलच्या चिठ्ठीनं देतो म्हणत होता, ते नको म्हटलं. भरणाऱ्यांनी वारई, म्हणजे माल चढवायची हमाली, माझ्याकडं मागितली. ज्याचा माल त्याचा हमाल, असं सांगून त्यांना ऑफिसकडं पाठवलं.

संध्याकाळी साडेसहाला काट्याची चिठ्ठी मिळाली, ताडपत्री आवळली, बिल्टी, म्हणजे मालाची वाहतूक पावती, हातात आली. दिवाणजी म्हणाला, "जावा मालक, बेळगाव ओलांडलं की टाकतो." मी केबिनमध्ये चढलो आणि किल्ली खिशात घालून स्टेअरिंगवर पाय टाकले. ई-वे बिलावर, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदावर, गाडीचा नंबर त्यांनी चढवून ठेवलेला. दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशोबानं चेन्नईला पाच दिवस मिळतात, आणि नंबर चढला की त्यांची मुदत धावायला लागते. इतकी वर्षं वाटायचं, उभ्या गाडीत नुकसान माझंच. त्या संध्याकाळी पहिल्यांदा घड्याळ त्यांचं चालू होतं. शिवाय मागं दोन गाड्या भरायला थांबलेल्या, त्यांचे हॉर्न. साडेसातला दिवाणजी स्वतः चहा घेऊन आला. आठला मोबाइल वाजला: 40,400. मेसेजवर विश्वास न ठेवता बँकेचं अॅप उघडून शिल्लक बघितली, मग स्टार्टर मारला. हायवेला लागलो, तावडे हॉटेल मागं टाकलं आणि उजळाईवाडीच्या पुढच्या पंपावर टाकी फुल केली. रोख, उधारी नाही.

सगळे दलाल याला तयार होत नाहीत. दोघांनी मला फोन करायचं बंद केलंय. गुळाच्या यार्डात अजून ऐंशीच्या वर कुणी बोलत नाही, तिथं मीही ताणत नाही.

चेन्नईच्या खेपेचे 4,600 अजून यायचे आहेत. पोचचा फोटो त्याच दिवशी पाठवला होता, आता म्हणतात शिक्क्याची मूळ प्रत पाहिजे. ती गाडीच्या डॅशबोर्डवर आहे, चहाचा डाग पडलाय. उद्या शिरोलीला नेऊन देतो.