समुद्र नाही, मग जहाजं कसली? तुम्ही विचारलंत म्हणून

‘इथं मराठवाड्यात प्यायला टँकर, आणि तुम्ही शिडाची जहाजं जपायला निघालात?’ लग्नाच्या पंगतीत, एसटीत, शाळेच्या कार्यक्रमानंतरच्या चहाला प्रश्न हाच. मागोमाग ठरलेला विनोद: नाथसागरात गलबत सोडणार का? तर एकदाच लिहून ठेवतो.

सातवाहनांच्या काळी पैठण आणि तेरचा माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायचा, हे तुम्हाला पाठ आहे. ते उत्तर मी आता देत नाही. पूर्वी द्यायचो, टाळ्याही पडायच्या. पण ‘माल आमचा, जहाज दुसऱ्याचं’ एवढ्यावरच ते संपतं.

माझं उत्तर सोयगाव तालुक्यात आहे. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात, पूर्ण या बौद्ध भिक्षूच्या कथेच्या चित्रात तीन डोलकाठ्यांचं जहाज आहे. पाचव्या शतकाच्या सुमाराचं. उंच, अरुंद शिडं, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगवलेला डोळा, मागे सुकाणूच्या जागी कडेला बांधलेली मोठी वल्ही, आणि रांजण. त्या काळच्या जहाजाचं लाकूड आपल्या हाती नाही. आहे ती ही भिंत. तेव्हा मराठवाड्यात जहाज जपायचं म्हणजे गिलावा जपायचा.

आणि हा गिलावा नाजूक आहे. दगडावर मातीचा थर, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर पांढऱ्याचा पातळ हात, तो वाळल्यावर चिकटात कालवलेले रंग. ओल्या चुन्यावरचं काम हे नव्हे, त्यामुळे पाणी लावून पुसायची सोय नाही; रंगच निघून येतो. नकलांवर विसंबावं म्हटलं तर त्यांचंही नशीब असं: रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला 1844 मध्ये चित्रांच्या नकला काढायला नेमलं, आणि त्याच्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. 1872 पासून मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी पुन्हा नकला काढायला बसले. त्यांच्याही पुष्कळ नकला 1885 मध्ये लंडनलाच जळाल्या.

आगीला इलाज नव्हता. मला राग येतो तो चपड्याचा.

1920 नंतर निजाम सरकारने सेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. काम अडाणीपणाचं नव्हतं. सुटलेला गिलावा त्यांनी मागून चिकटवला, तुटक्या कडा बांधून घेतल्या. त्यावर चपड्याचं वार्निश दिलं. रंग उठून दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनीही आधी वार्निश मारलेलंच होतं. चपडा म्हणजे आपला सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून कपाटाला लावतो तोच. मुळात तो तांबूस-पिवळा. त्याच्याखाली निळा हिरवट दिसतो, पांढरा पिवळट. वर्षं जातात तसा तो तपकिरी होतो आणि धूळ, काजळी धरतो. उन्हाळ्यात आखडतो, पावसाळ्यात ओल खातो. आखडताना खालच्या रंगाला ओढतो, कारण रंगातला जुना चिकट केव्हाच दुबळा झालेला असतो. पापुद्रा उचलला जातो तो रंगासकट.

उतरवायचा म्हटलं तर जुना चपडा ताज्यासारखा स्पिरिटला दाद देत नाही. जास्त कडक द्रावण लागतं. हाताच्या पंजाएवढी जागा घ्यायची, कापसाचा बोळा द्रावणात भिजवून पिळायचा, घासायचा नाही, लोळवायचा, आणि दर वेळी बोळा बघायचा. तपकिरी आला तर चपडा, लाल-हिरवा आला तर थांबायचं. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक दशकं यात गेली. मधल्या काळात रंग धरून ठेवायला जे कृत्रिम राळेचं पाणी वापरलं, तेही पुढे पिवळं पडलं.

मग इटालियनांना शिव्या द्यायच्या का? त्यांनी गिलावा धरला नसता तर काळवंडायलाही काही उरलं नसतं. हे मी मान्य करतो, आणि पुढच्याच क्षणी वाटतं, चिकटवणं निराळं, वार्निश निराळं. वार्निशाची गरज काय होती?

मूळचं काय आणि नंतरचं काय याची गल्लत होऊ नये म्हणून शाळेतल्या मुलांना हे जहाज काढायला लावताना तीन पेन्सिली देतो. भिंतीवर आज दिसतं ते काळ्याने, फक्त जुन्या नकलेत आहे ते निळ्याने, आपला तर्क लालने. पाण्याखालचा तळ सगळा लाल होतो. नौदलासाठी अजिंठ्याच्या चित्रावरून, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून बांधलेलं ‘कौंडिण्य’ जहाज 2025 मध्ये कारवारला दाखल झालं, शिडावर पोरबंदरहून मस्कतला पोहोचलं. अभिमान आहेच. पण फळ्या शिवायचे टाके चित्रातले नाहीत, ते केरळच्या कारागिरांच्या हातातले. आकार आयआयटी मद्रासमध्ये नमुन्यावर तपासलेला. जहाज तरंगलं याने टाके जमले हे कळतं. चित्रकाराने नेमकं काय पाहिलं होतं, ते त्यातून कळत नाही.

टाका शिकवायला दोन फळ्या पुरतात, इंचभर जाड. कडेपासून इंचभर आत, दोन-दोन इंचांवर, समोरासमोर भोकं. सांध्यावर काथ्याची पेंडी ठेवून सुंभ तिच्यावरून फुलीसारखा ओढायचा. प्रत्येक टाका आवळायचा, भोकात पाचर ठोकून धरायचा, मगच पुढचा. मुलं सगळे टाके घालून शेवटी आवळतात. मधले ढिलेच राहतात. शेवटी पाचरी काढून भोकं काथ्या आणि राळेने बुजवायची.

आमच्या हवेत पुढचा घोळ असा: एप्रिल-मेमध्ये लाकूड आकसून सांधा उघडतो. तिथे पुट्टी भरू नका. श्रावणात फळ्या फुगतात, पुट्टीला जागा देत नाहीत, आणि भोकांच्या रांगेवरच चीर जाते. फट तशीच ठेवा. खऱ्या जहाजातही पाण्यात उतरल्यावर फुगून ती मिटते.

जवसाचं तेल द्यावं का, यावर आमच्यात भांडण चालूच आहे. दिलं तर लाकूड कमी तडकतं, पण तेल पिवळं पडतं आणि धूळ धरतं. म्हणजे पुन्हा चपडाच. माझं मत न देण्याचं. पण मे महिन्यात कुणी दोन चिरलेल्या फळ्या समोर आणून ठेवल्या की ते मला रेटता येत नाही.